न हलवता येणारे: चार

३, मंगळवार

आज आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना एकेक वही मिळाली. मुख्य कार्यालयाने एक समुपदेशक मॅडम पाठवल्या आहेत, त्यांनी वाटली. रोज दहा मिनिटं मनात येईल ते लिहा म्हणाल्या, कुणी वाचणार नाही, लिहिलं की भावना हलक्या होतात. मग सगळ्यांना गोल बसवून श्वास घ्यायला शिकवलं. चार मोजेपर्यंत आत, चार मोजेपर्यंत धरायचा, चार मोजेपर्यंत बाहेर. सतरा वर्षं मी या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या कुशी बदलते आहे, बहुतेक श्वास न घेताच बदलत असेन.

मनात येईल ते लिहायचं तर लिफ्टचं लिहिते. युद्धाला आज एकवीस दिवस झाले. भोंगा झाला की दोन मिनिटांत तळघरात पोचायचं, आणि भोंगा झाला की नियमाप्रमाणे लिफ्ट बंद. आमच्याकडे एकतीस माणसं. त्यातली सत्तावीस खालच्या मजल्यांवर आहेत, ती काठीने, हाताला धरून, खुर्चीसकट उचलून, कशीबशी तळघरात जातात. उरलेली चौघं अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिसऱ्या मजल्यावर. हे 'म्हणून' माझं नाही. भेटीला येणाऱ्यांना दारात हसरे चेहरे दिसावेत म्हणून पहिल्यापासून अशीच पद्धत आहे.

तर वर आहेत मास्तर, शिंपीणआजी, आणि दोघं आजोबा, जे आता बोलत नाहीत. तिसऱ्या मजल्याचं काम माझं आणि माझ्या जोडीच्या सेविकेचं, जिला सगळे पाहुणी म्हणतात. मधे चौसष्ट पायऱ्या. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघींनी मास्तरांना चादरीत घालून उतरवून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तोवर धोका टळल्याचा भोंगा झाला, आणि मास्तरांची कंबर आठ दिवस धरली. मग व्यवस्थापक साहेबांनी लेखी नियम काढला: भोंगा झाल्यावर वरच्यांची खिडकी लावायची, पडदा ओढायचा, दार बाहेरून लावायचं, आणि आपण खाली यायचं.

तळघराच्या दाराशी नोंदवही असते. आमच्या नावांपुढे खुणा होतात, सगळे आले की साहेब सही करतात आणि लोखंडी दार लागतं. कर्मचारी बाहेर राहिला तर त्याचं नाव लिहून, 'बाहेर असताना दार लावले' अशी वेगळी सही साहेबांना करावी लागते. वरच्या चौघांची नावं त्या वहीत नाहीत. पानाच्या तळाला एक ओळ आहे: न हलवता येणारे: ४.

दहा मिनिटं झाली. भावना हलक्या झालेल्या नाहीत.

४, बुधवार

सकाळी अंघोळींच्या वेळेस भोंगा. एका आजोबांच्या अंगाला साबण तसाच राहिला, मी टॉवेल गुंडाळून दार लावलं. मास्तरांचं दार लावताना ते म्हणाले, "फौजदार, कडी घालू नकोस. पळून जायचा विचार सध्या नाही." माझ्या आवाजामुळे सगळा मजला मला फौजदार म्हणतो. मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. पायांनी साथ सोडली, जिभेने नाही.

तळघरात आम्ही अकरा मिनिटं होतो. सत्तावीस खुर्च्या गुडघ्याला गुडघा लावून, मधे आम्ही उभ्या. आणि या सगळ्यात पाहुणी फोनवर हसत होती. नुसतं स्मित नव्हे, खळखळून. तिला पाहुणी म्हणतात कारण नऊ वर्षांपूर्वी ती दूरदेशाहून दोन वर्षांसाठी म्हणून आली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर चौघं कोंडलेली, एक तर साबणात, आणि हिला हसू येतं. देश तिचा नाही ना, जळेना का.

साहेबांनी सही केली. श्वास मोजला. चारपर्यंत पोचतच नाही, तीनला अडकतो.

८, रविवार

लेकाचा फोन आला. सीमेवर आहे, कुठे ते सांगत नाही. जेवलो म्हणाला. "आई, भोंगा झाला की तू तळघरात जातेस ना?" दरवेळी हाच एक प्रश्न. मी म्हटलं, जाते रे बाबा, तुझ्याआधी मीच पळते.

दुपारी पुन्हा भोंगा, पुन्हा पाहुणीचा फोन, पुन्हा हसणं. आज मी सोडलं नाही. सगळ्यांदेखत विचारलं, एवढा कसला विनोद चालला आहे, आम्हालाही सांग. तिने फोन खाली धरला आणि हळू आवाजात सांगितलं. पलीकडे तिची आई असते, अकरा वर्षांच्या नातीला सांभाळणारी. आई विचारते, हा आवाज कसला? पाहुणी सांगते, शेजारी कारखाना आहे, कामगारांची जेवणाची सुट्टी झाली. मागच्या आठवड्यात आई म्हणाली, तुमच्या कारखान्यातले लोक दिवसातून सहा वेळा जेवतात काय गं? "मग हसावं लागतं, ताई," ती म्हणाली. "नाही हसले तर तिला कळेल."

स्वयंपाकीण खो खो हसली. मी नाही. आईशी असं धडधडीत खोटं बोलायचं म्हणजे काय. मी माझ्या लेकाशी कधी खोटं बोललेली नाही.

९, सोमवार

आजचा राग लिहिण्याजोगा आहे.

तळघराला दुसरी बाजू आहे. आम्ही खुर्च्यांत कोंबून बसतो त्या भिंतीपलीकडे तेवढीच खोली, मोठं कुलूप लावलेली. इतकी वर्षं मला वाटायचं आत पाण्याची टाकी असेल. आज इलेक्ट्रिशियन वायर बघायला आला, दार पाच मिनिटं उघडं राहिलं आणि मी डोकावले. आत बारा नवे पलंग. हाताने उंची कमी-जास्त होणारे, गाद्यांसकट, सगळे प्लॅस्टिकमध्ये. भिंतीला टेकवून सोफे. एका कोपऱ्यात उद्घाटनाचा बोर्ड, पाहुण्यांच्या नावाची जागा कोरी.

भोंगा नसताना लिफ्ट चालते. म्हणजे कोणत्याही शांत सकाळी चौघांना लिफ्टने खाली आणून इथे कायमचं झोपवता येईल. चौसष्ट पायऱ्या नकोत, दोन मिनिटं नकोत, काही नको. हे शोधून काढायला भूमिती लागत नाही.

साहेबांकडे गेले. ते ऑफिसातच राहतात हल्ली, युद्ध सुरू झाल्यापासून घरी गेलेले नाहीत, दाढी वाढली आहे. हे खरं आहे म्हणून लिहिते, त्यांची दया येते म्हणून नाही. म्हणाले, तो नवा विभाग आहे, देणगीदारांनी त्यासाठी दिलेलं सामान आहे, उद्घाटनाआधी वापरलं तर उद्या उत्तर कुणी द्यायचं? मी म्हटलं, वर काही झालं तर उत्तर कुणी द्यायचं? ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर ताण आला आहे. मॅडमना वेळ मागून घ्या."

म्हणजे प्रश्न माझा, आजारही माझाच. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, आता उलटी औषधंही बघितली.

११, बुधवार

मॅडमकडे गेले. वयाने माझ्या लेकाएवढ्या. झोप लागते का? लागते. भूक? आहे. रडू येतं का? वेळ नसतो. त्या लिहून घेत होत्या. मी कुलपाचं सांगायला लागले तर म्हणाल्या, आपण आपल्या नियंत्रणात काय आहे तिकडे लक्ष देऊ या. मी म्हटलं, किल्ली साहेबांच्या जुडग्यात आहे, तिकडेच माझं लक्ष आहे.

तेवढ्यात भोंगा. मी उठले, मॅडम टेबलाखाली. बाहेर येईनात, हात पांढरे पडलेले. खाली वाकून म्हटलं, चार मोजा मॅडम, आत. धरा. आता बाहेर. मग दंडाला धरून तळघरात नेलं. तिथे थोड्या सावरल्यावर त्यांनी माणसं मोजली आणि विचारलं, तिसऱ्या मजल्यावरचे कुठे आहेत? मी म्हटलं, वर. हे मात्र त्यांनी लिहून घेतलं नाही.

१३, शुक्रवार

दहा चाळीसला भोंगा. मी शिंपीणआजींची वेणी घालत होते. आजींचे हात दिवसभर गोधडीच्या काठावर टाके घालत असतात, सुई नसली तरी. माझ्या बाह्या बघून रोज म्हणायच्या, कुणी शिवल्या गं, हात तोडायला हवेत त्याचे. आज भोंगा झाल्यावर म्हणाल्या, "अर्धी वेणी टाकून जाऊ नको." मी म्हटलं, आलेच. खिडकी, पडदा, दार.

या वेळी जवळ पडलं. तळघराची भिंत हलली, छताची माती चहाच्या पिंपात पडली. अठरा मिनिटं. लोखंडी दार उघडल्यावर मी चौसष्ट पायऱ्या कशा चढले आठवत नाही. वरच्या सगळ्या काचा फुटल्या होत्या. मास्तरांच्या पांघरुणावर काचा, दोघा आजोबांच्या पायाशी काचा, ओरखडाही नाही. आजींच्या पलंगावर एकही काच नव्हती. हात गोधडीच्या काठाला धरलेले. गेल्या होत्या.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. साहेब म्हणाले, वयच होतं. वय काय आज सकाळी दहा चाळीसला झालं?

वेणी पूर्ण केली. रिबन सापडत नव्हती, पाहुणीने स्वतःची दिली.

१४, शनिवार

नोंदवहीतल्या त्या ओळीवर चाराचे तीन झाले आहेत. नीट, एका रेघेने खोडून, बाजूला सही. कालच्याच तारखेने. काचा बसवायला माणूस अजून आलेला नाही, पण आकडा त्याच दिवशी दुरुस्त झाला. कामाचा उरक बघा.

१५, रविवार

लेकाचा फोन नाही. रेंज नसेल. प्रत्येक रविवारी रेंज असावी असा काही नियम नाही.

१७, मंगळवार

पाहुणीचं लक्ष ठिकाणावर नाही. तिसऱ्या मजल्याच्या गोळ्या सकाळी मी काढते, प्रत्येकाची वेगळी वाटी, ट्रेमध्ये मांडून हात धुवायला जाते. काल आणि आज, परत येऊन बघते तर एक वाटी कमी. आज सगळं सोडून शोधली. धुऊन पुसून रॅकवर उपडी ठेवलेली. गोळ्या गेल्या कुठे? पाहुणीला विचारलं तर खाली बघत म्हणाली, चुकलं ताई.

चुकलं म्हणजे काय? औषधं आहेत, फुटाणे नव्हेत. एका वेळची गोळी चुकली तर काय होतं हे हिला नऊ वर्षांत कळू नये?

मी ठणठणीत आहे. खिडक्यांना जाड कागद लावला, जिना दोनदा पुसला, जुने पडदे धुतले. ताण आहे म्हणे.

१९, गुरुवार

आज पुन्हा तीनच. तीन दिवस सांभाळून घेतलं, चौथ्या दिवशी माझा तोल गेला. स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर तिला झाडलं. माझ्या वाटीला हात लावायचा नाही म्हटलं. तुझ्या आईला कारखान्याच्या गोष्टी सांग, इथे रुग्णांच्या जिवाशी खेळू नको, असंही म्हटलं. स्वयंपाकीण माझ्याकडे असं बघायला लागली जसं काही माझंच डोकं फिरलंय. पाहुणी उभी होती. हातात माझाच चहाचा कप होता, माझ्यासाठीच आणत होती. टेबलावर ठेवला आणि वर गेली.

साहेबांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी मॅडमना सांगितलं म्हणे, बाईंची केस हाताळा.

२१, शनिवार

हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

सकाळी ट्रे घेऊन मास्तरांकडे गेले. ट्रे आज हातातून सोडलाच नव्हता, म्हणून चारी वाट्या होत्या. म्हटलं, बघा मास्तर, आज कशा बरोबर आहेत. मास्तरांनी ट्रेकडे बघितलं. मग वर्गात विचारत असतील तसं शांतपणे म्हणाले, "फौजदार, कुणाकुणाच्या ते सांग बघू."

मी म्हटलं, ही तुमची. या दोघांच्या दोन. आणि ही पांढरी आणि अर्धी पिवळी, ही…

तिथेच बसले, मास्तरांच्या पलंगाच्या काठावर. ट्रे मांडीवर. मास्तर म्हणाले, "गेले आठ दिवस ती पोर रोज चौथी वाटी उचलते, गोळ्या डब्यात परत टाकते आणि वाटी धुऊन ठेवते. इथून दार उघडं असलं की सगळं दिसतं. मी तिला म्हटलं सांगून टाक. ती नको म्हणाली."

पाहुणी मागच्या गॅलरीत चादरी वाळत घालत होती. मी जवळ गेले. एरवी सगळा मजला माझ्या आवाजाने जागा होतो, आज हळू आवाजात बोलले. विचारलं, का नाही सांगितलंस, वर सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीस. तिने चादरीला चिमटा लावला. म्हणाली, "मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा इथे आले. पहिलं वर्षभर झोपताना दोन उशा घालायचे, एक तिची, ताई. खोलीतल्या कुणीच काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी तेव्हाच परत गेले असते."

मग चादरीचं दुसरं टोक मी धरलं. माफी मागायची म्हणतात ती कशी मागतात, मला सवय नाही. तिच्या वाटणीचे सगळे डायपर आज मी बदलले.

२२, रविवार

फोन नाही.

पाहुणीच्या दूतावासाचा निरोप आला. बुधवारी विमान आहे, तिच्या देशातल्या लोकांना घेऊन जाणार. तिचं नाव यादीत आहे. स्वयंपाकघरात लगेच सुरू झालं, बघा, वेळ आली की पळतात, म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडून. मी बोलले. नऊ वर्षं तिला पाहुणी म्हणालात, एकदाही घरचं माणूस म्हणाला नाहीत, आणि आता पाहुणी आपल्या घरी निघाली तर पळाली? तिची मुलगी काय आपण सांभाळतो? वर कोंडून ठेवलेल्यांना वाऱ्यावर कुणी सोडलंय ते नोंदवहीत बघून या.

स्वयंपाकिणीने उगाच पातेलं घासलं.

२३, सोमवार

मॅडम आल्या आणि माझ्याशी एकटीशी बोलायचं म्हणाल्या. मला वाटलं, आली केस हाताळायला. तर त्या सांगतात, साहेबांना आमच्या वह्यांमधली काही पानं हवी आहेत. मुख्य कार्यालयाला अहवाल जायचा आहे: युद्धकाळात कर्मचाऱ्यांना मानसिक आधार कसा दिला. चांगली चांगली पानं निवडा म्हणाले. मॅडमनी नकार दिला. कुणी वाचणार नाही असा शब्द दिला होता मी, म्हणाल्या.

मग माझं ठरलं. साहेबांकडे गेले आणि किल्ली मागितली. ते म्हणाले, पुन्हा तेच? मी म्हटलं, पुन्हा तेच, आणि शेवटचं. उद्यापासून भोंगा झाला की मी खाली येणार नाही. वर बसणार, दारं उघडी ठेवून. तुम्ही माझं नाव लिहा, 'बाहेर असताना दार लावले' लिहा, आणि सही करा. न हलवता येणाऱ्यांसाठी सही लागत नाही, माझ्यासाठी लागते. साहेब म्हणाले, बाई, धमक्या देऊ नका.

पाहुणी दारात होती. "दोन नावं लिहा," म्हणाली. मी तिच्यावर भडकले, परवा तुझं विमान आहे, मूर्खासारखं बोलू नको. ती म्हणाली, "उद्या तर इथेच आहे ना."

२४, मंगळवार

सव्वाअकराला भोंगा झाला.

मी मास्तरांच्या पलंगाशी स्टूल घेतलं. पाहुणी समोरच्या खोलीत दोघा आजोबांच्या मधे बसली, दोघांचा एकेक हात धरून. दारं उघडी. पलंग खिडकीपासून आतल्या भिंतीला आधीच ओढून ठेवले होते, तेवढी अक्कल होती. मास्तर म्हणाले, "फौजदार, हा मूर्खपणा आहे." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "बरं वाटतंय पण." आणि पहिल्यांदाच त्यांचा हात थरथरताना दिसला. एकवीस अधिक एकवीस दिवस हा माणूस दाराआड एकटाच थरथरत असणार, आणि मी कडीच्या विनोदावर हसून खाली जात होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेक.

सोळा दिवसांनी. आवाज खरवडल्यासारखा. बरा आहे म्हणाला, फोनच नव्हता म्हणाला. मग मागे भोंगा ऐकू आला असावा त्याला. "आई, तू तळघरात आहेस ना?"

मी म्हटलं, हो रे, खालीच आहे. मग हसले. चांगली खळखळून हसले. म्हटलं, इथे इतकी गर्दी आहे की तुझ्या आईला पाय पसरायला जागा नाही. समोरून पाहुणी माझ्याकडे बघत होती. तिने मान खाली घातली आणि आजोबांची बोटं चोळत राहिली.

लांब कुठेतरी पडलं. खिडकीचे कागद थरथरले, एवढंच.

खाली काय झालं ते नंतर मॅडमनी सांगितलं. साहेब पेन घेऊन दाराशी उभे. सत्तावीस म्हातारे त्यांच्याकडे बघत होते. स्वयंपाकीण म्हणाली, लिहा की साहेब, दोनच तर नावं आहेत. मॅडम म्हणाल्या, तुम्ही लिहा, साक्षीदार म्हणून मी सही करते. साहेबांनी लिहिलं नाही. दारही लावलं नाही. नऊ मिनिटं लोखंडी दार उघडं राहिलं.

सत्तावीस माणसं उघड्या दारामागे बसली होती, माझ्या हट्टापायी. हे मला आधी सुचलंच नव्हतं. जवळ पडलं असतं तर? साहेबांसारखंच मीही कुणालातरी मोजलं नाही. यावर राग कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवते.

दोन वाजता साहेबांनी किल्ली दिली. हातात नाही, टेबलावर ठेवली. चार वाजेपर्यंत आम्ही लिफ्टने तिघांना खाली आणलं. प्लॅस्टिक दाताने फाडलं. मास्तर नव्या पलंगावर आडवे झाले, उंची दोनदा वर-खाली करून घेतली आणि म्हणाले, झालं एकदाचं उद्घाटन. उरलेल्या नऊ पलंगांपैकी एकावर पाहुणीने शिंपीणआजींची गोधडी घडी घालून ठेवली. मी बघितलं आणि काही विचारलं नाही.

२५, बुधवार

पाहुणी गेली. बस दाराशी आली, तिच्याकडे एकच बॅग, नऊ वर्षांची. स्वयंपाकिणीने डबा दिला आणि रडली, काल-परवाचे टोमणे विसरून. मी रडले नाही. विचारलं, आईला काय सांगितलंस?

"कारखाना बंद पडला म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

मग दोघी हसलो, आणि बस गेली. नंतर जिन्यात बसून मी रडले. मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता बदलायला हवं.

२७, शुक्रवार

आज वाट्या काढल्या. तीन. मोजून घेतल्या.

दुपारी भोंगा झाला. मी आतल्या खोलीतल्या तिघांपाशी होते, पाठी चोळत होते. धावपळ नाही, कडी नाही. सगळे आत होते. साहेबांनी नोंदवही उघडली, पानाच्या तळाची ओळ एका रेघेने खोडली आणि सहीसाठी पेन टेकवलं. त्यांना वाटत होतं, झालं, मिटलं.

मी पेन मागून घेतलं. खोडलेल्या ओळीखाली तिघांची नावं लिहिली, पूर्ण, आमच्या नावांसारखीच, पुढे खुणेला जागा सोडून. तीन खुणा केल्या. मग शिंपीणआजींचं नाव लिहिलं. त्यांच्यापुढे खूण करता येईना, म्हणून लिहिलं: तारीख १३, शुक्रवार, दहा चाळीस. दार बाहेरून लावलेलं होतं, मी लावलं होतं. अठरा मिनिटं वर कुणी नव्हतं. आणि खाली माझी सही.

साहेबांनी वाचलं. आवाज चढवला नाही. हे या वहीत लिहायचं नसतं, म्हणाले.

मी म्हटलं, मग कोणत्या वहीत लिहायचं असतं ते सांगा, तिथेही लिहिते.